गांजा व भांग : परिणाम आणि धोका कमी करण्याचे उपाय

गांजा, भांग आणि चरस ही कॅनॅबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीपासून मिळणारी मादक द्रव्ये होत. या वनस्पतीची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत चिकट राळ साठते आणि नशा आणणारे द्रव्य मुख्यतः तिच्यात असते. वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, खरवडून किंवा चोळून काढलेली राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग. सामान्यतः भांग सर्वांत सौम्य व चरस सर्वांत तीव्र असते. मात्र भांग पोटातून जात असल्यामुळे तिचा अंदाज चुकण्याची शक्यता अधिक असते. या द्रव्यांचा धोका सर्वांना सारखा नसतो. द्रव्याची तीव्रता, ते घेण्याचा मार्ग, घेणाऱ्याचे वय व प्रकृती आणि मदत किती दूर आहे, यांवर तो ठरतो.

इतिहास : ब्रिटिश काळात गांजाची लागवड परवान्याखाली ठराविक भागांपुरती मर्यादित होती. मध्य प्रांतात खंडवा, मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि बंगालमध्ये नौगाव ही तिची ठळक क्षेत्रे होती. खंडव्याचा निमाड प्रदेश अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील धारणी तालुक्याला लागून आहे. फुलोऱ्यात बी धरू नये म्हणून शेतातील नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागत. बंगालमध्ये या कामासाठी खास पारखी माणसे नेमली जात. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक वापराने सहसा मोठी हानी होत नाही, अतिरेकाने होते, असे त्याचे मत होते आणि संपूर्ण बंदीची शिफारस त्याने केली नाही. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींत ‘गांजा’ हे कारण पुरेशा चौकशीविना लिहिले जात असल्याचेही त्याने दाखवून दिले. त्यानंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांतून मात्र किशोरवयातील व रोजचा वापर आणि मनोविकार यांचा संबंध स्पष्ट झाला आहे.

शरीरातील कार्य : नशेचे मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल (टीएचसी) होय. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. मेंदूत त्याला प्रतिसाद देणारे ग्राही असतात. स्मरण, हालचालींचा मेळ, भूक, भीती व वेळेचे भान यांच्याशी निगडित भागांत ते दाट असतात, म्हणून नशेचा पहिला परिणामही याच गोष्टींवर दिसतो. या ग्राहींवर काम करणारे शरीरातील स्वतःचे द्रव्य १९९२ मध्ये सापडले. संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला आनंदमाइड हे नाव देण्यात आले. श्वसनाचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात हे ग्राही विरळ असतात. म्हणून केवळ गांजाच्या अतिमात्रेने प्रौढाचा श्वास थांबणे फार दुर्मीळ आहे. अफूवर्गीय द्रव्यांहून गांजाचा हा महत्त्वाचा फरक होय.

घेण्याचे मार्ग : चिलमीतून किंवा विडीतून ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, साधारण अर्ध्या तासात शिखरावर पोचतो आणि दोन ते चार तासांत ओसरतो. गोळी, ठंडाई किंवा भजी यांतून घेतलेली भांग चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात. यकृतात टीएचसीचे आणखी प्रभावी रूप तयार होते आणि नशा सहा ते आठ तास, कधी त्याहून अधिक टिकते. टीएचसी स्निग्ध पदार्थांत विरघळते, त्यामुळे दूध-बदामाच्या ठंडाईतून ते चांगले शोषले जाते. होळी व महाशिवरात्रीला होणारे त्रास बहुधा एकाच चुकीतून उद्भवतात. पहिला पेला घेऊन अर्धा तास झाला, काही चढले नाही असे वाटून दुसरा घेतला जातो आणि पुढे दोन्ही पेले एकदम चढतात.

चिलमीत गांजा बहुधा तंबाखूत मळून भरतात. खाली ओली ‘साफी’ (कापडाचा तुकडा) गुंडाळून दम मारतात आणि चिलीम हातोहात फिरते. साफीने धूर थंड होतो, पण त्यातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड अडत नाहीत. तंबाखूमुळे निकोटिनची सवय वेगळीच जडते. धूर छातीत कोंडून धरल्याने नशा फारशी वाढत नाही, फुप्फुसात डांबर मात्र अधिक बसते.

तात्कालिक परिणाम : मन हलके होणे, हसू येणे, वेळ लांबल्यासारखा वाटणे, रंग-आवाज ठसठशीत भासणे आणि भूक खवळणे हे नेहमीचे परिणाम होत. त्यासोबत डोळे लाल होतात, तोंडाला कोरड पडते आणि नाडीचा वेग मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकतो. उभे राहताना रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. नुकतेच बोललेले विसरणे, अंतराचा अंदाज चुकणे आणि प्रतिक्रिया मंदावणे हे परिणाम घेणाऱ्याला स्वतःला कमी जाणवतात. मात्रा जास्त झाल्यास धडधड, भीती, संशय, उलट्या व क्वचित भास होतात. हृदयविकार असलेल्यांत गांजा ओढल्यानंतरचा पहिला तास अधिक जोखमीचा असतो.

दीर्घकालीन परिणाम : रोज धूर ओढणाऱ्यांत जुनाट खोकला व कफ आढळतो. स्मरण व एकाग्रता मंदावतात. वापर थांबवल्यावर ती बहुतांशी सुधारतात, मात्र कोवळ्या वयात सुरुवात झाली असल्यास सुधारणा अपुरी राहू शकते. वर्षानुवर्षे जास्त वापर करणाऱ्या काहींना वारंवार उलट्यांचे झटके येतात. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तात्पुरते बरे वाटणे ही या विकाराची ओळखीची खूण आहे. वापर पूर्ण बंद करणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय होय.

कोणी टाळावे : मेंदूची वाढ साधारण २५ वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून किशोरांनी व तरुणांनी ही द्रव्ये टाळणे सर्वांत महत्त्वाचे. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनिया वा उन्माद झाला असल्यास थोडी मात्राही महागात पडू शकते. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ती घेऊ नयेत, कारण गरोदरपणातील वापराचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. हृदयविकार, दमा व क्षयरोग असलेल्यांनाही ती वर्ज्य आहेत.

धोका कमी करण्याचे उपाय : ही द्रव्ये न घेणे हाच एकमेव निर्धोक पर्याय होय. तरीही जे प्रौढ घेतात त्यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काही नियम सर्वमान्य आहेत. सुरुवात उशिराच्या वयात व्हावी आणि वापर आठवड्यातून एखाद्या दिवसापुरता राहावा, रोजचा होऊ नये. सौम्य प्रकार व लहान मात्रा असावी. खाण्यापिण्यातून घेतल्यास किमान दोन तास दुसरी मात्रा घेऊ नये. तंबाखू मिसळू नये आणि धूर कोंडू नये. एकच चिलीम तोंडोतोंडी फिरल्याने क्षयाचा संसर्ग पसरू शकतो. एकट्याने किंवा अनोळखी जागी घेऊ नये. सोबत शुद्धीवर असलेला एक तरी माणूस असावा.

मद्यासोबत घेणे विशेष जोखमीचे. मेळघाटात तर नशेचे रूढ साधनच मोहाची दारू आहे. मद्यामुळे रक्तातील टीएचसीचे प्रमाण वाढते आणि दोन्हींची गुंगी एकमेकींना पूरक ठरते. झोपेच्या गोळ्यांबाबतही हेच लागू पडते. भांगेत धोतऱ्याचे बी घालण्याची प्रथा जीवघेणी आहे. कोरडी तापलेली त्वचा, विस्फारलेल्या बाहुल्या आणि बरळणे ही धोतऱ्याच्या विषबाधेची लक्षणे असून तिला रुग्णालयातील उपचार लागतात.

ओढल्यानंतर किमान सहा ते आठ तास आणि भांग घेतल्यावर त्याहून अधिक वेळ वाहन चालवू नये. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला येणारा रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून वळणे घेत येतो. त्यावर रात्री जनावरे आडवी येतात. अंतराचा अंदाज चुकणे व प्रतिक्रिया मंदावणे हे दोन्ही परिणाम अशा रस्त्यावर घातक ठरतात. हीच काळजी विहीर, थ्रेशर व विजेचा पंप यांजवळच्या कामालाही लागू आहे. भांगेची गोळी व ठंडाई मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. लहान मुलांत थोड्या मात्रेनेही गाढ गुंगी व श्वसनाचा त्रास होऊ शकतो.

तातडीची मदत : घाबरलेल्या माणसाला शांत, कमी उजेडाच्या जागी बसवावे, हा त्रास काही तासांत उतरतो असे सांगत राहावे आणि घोट घोट पाणी द्यावे. गुंगीत असल्यास कुशीवर निजवावे. लिंबू, ताक, लोणचे हे उतारे घरोघरी सांगितले जातात, पण त्यांनी नशा उतरत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात काहीही ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुद्दाम उलटीही काढू नये. छातीत दुखणे, फिट येणे, जागे न होणे, श्वास मंदावणे, स्वतःला वा इतरांना इजा करण्याचा प्रयत्न, तसेच लहान मुलाने चुकून खाणे, या प्रसंगी १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे. अमरावती तेथून सुमारे १५० किलोमीटरवर असल्याने दुर्गम पाड्यांतून निघायला उशीर करू नये. काय व किती घेतले हे डॉक्टरांना खरे सांगावे.

कायदा : अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्यानुसार गांजा व चरस बाळगणे, विकणे व घेणे गुन्हा आहे. गांजाची १ किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि २० किलोहून अधिक ‘व्यापारी’ मानली जाते. अल्प मात्रेसाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर व्यापारी मात्रेसाठी दहा ते वीस वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, त्यामुळे तूर-कपाशीत लपवून लावलेली झाडेही शेतकऱ्याला तुरुंगात नेऊ शकतात. फुलोऱ्याविना असलेली पाने या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. लगतच्या मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, म्हणून सीमा ओलांडताना त्याच गोळीचे कायदेशीर स्वरूप बदलते.

अवलंबित्व व उपचार : वापरणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांत अवलंबित्व निर्माण होते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण सहांत एक इतके आढळते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. तलफ आवरत नाही, कामधंदा व घर मागे पडते आणि तितक्याच मात्रेने भागेनासे होते, ही अवलंबित्वाची चिन्हे होत. वापर थांबवल्यावर चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे व घाम ही लक्षणे एक-दोन दिवसांत दिसू लागतात, पहिल्या आठवड्यात वाढतात आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात. ती त्रासदायक असली तरी सहसा धोकादायक नसतात. अवलंबित्वावर खास औषध नाही, समुपदेशन व कुटुंबाची साथ हाच उपचाराचा मुख्य आधार आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत.