लायन्सची खाण: प्रयोग बरोबर, जागा चूक

पीएचडीचा विषय ठरवताय? मग आधी लायन्सची गोष्ट ऐका. लायन्स हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं छोटं गाव.

अणुभट्टीतला तीव्र किरणोत्सारी कचरा हजारो वर्षं माणसापासून लांब ठेवावा लागतो. तो खोल पुरला, तरी त्यातली द्रव्यं पाण्याबरोबर बाहेर येऊ शकतात. म्हणून 1957 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मिठाचे थर सुचवले. तर्क सोपा आहे. मीठ पाण्यात विरघळतं. तरी हे थर कोट्यवधी वर्षं टिकलेत, म्हणजे तिथे वाहतं पाणी फारसं पोचलेलं नाही. शिवाय दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि भेगा आपोआप मिटतात.

लायन्सला सुमारे 300 मीटर खोल, बंद पडलेली मिठाची खाण होती. 1965 पासून ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने तिथे अणुभट्टीत वापरलेलं इंधन आणि विजेचे हीटर ठेवून मीठ तापवलं, ते किती सरकतं हे मोजलं. निकाल चांगले आले. प्रयोग संपल्यावर इंधन बाहेर काढलं. 1970 मध्ये अणुऊर्जा आयोगाने कायमच्या साठ्यासाठी हीच जागा प्राथमिक निवड म्हणून जाहीर केली.

इथे कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक विल्यम हॅम्बल्टन आडवे आले. खाणीतलं मीठ तपासलंत, पण आजूबाजूचं काय? त्या भागात तेल-वायूसाठी पूर्वी पाडलेल्या बोअर मिठाच्या थरातून आरपार गेल्या होत्या. त्या सगळ्या नीट बुजवल्यात, याची खात्री कोण देणार? त्यात शेजारच्या दुसऱ्या खाणीत पाणी सोडून मीठ काढताना बरंचसं पाणी जमिनीत गायब झालं. गेलं कुठे, कळेना. 1972 पर्यंत आयोगाने लायन्सचा नाद सोडला.

लक्षात घ्या, मोजमापात चूक नव्हती. मीठही नापास झालं नव्हतं. 1999 मध्ये न्यू मेक्सिकोत लष्करी अणुकचऱ्यासाठी सुरू झालेलं भूगर्भातलं कोठार मिठातच आहे. तोकडा होता तो प्रश्न. 'तापल्यावर मीठ कसं वागतं?' हे विचारलं गेलं. 'इथे माणसाने आधी काय काय खोदलंय?' हे उशिरा विचारलं गेलं. त्याचं उत्तर हीटरजवळ नव्हतं, बोअरच्या जुन्या नोंदींत शोधायचं होतं.

तुमच्या प्रस्तावात उपकरणांची यादी असेलच. तुमच्या जागेचा, नमुन्याचा आधीचा इतिहास कुठे नोंदलाय, तेही एका परिच्छेदात लिहा. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी.