चारात एक

१९१० साली दोन गोष्टी प्रसिद्ध झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना बाटल्यांत पाळलेल्या लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांना ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्या. माशीचा डोळा आणि माणसाचं रक्त यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मॉर्गन यांनी त्या नराचा लाल डोळ्यांच्या मादीशी संकर केला. पहिली पिढी जवळजवळ सगळी लाल डोळ्यांची निघाली. पांढरा डोळा मात्र संपला नव्हता, दडून बसला होता. दुसऱ्या पिढीत तो परत आला. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा, चारात एकच्या आसपास आणि फक्त नरांत.

विळ्याच्या पेशींचा हिशेब १९४९ साली अमेरिकेत जेम्स नील यांनी आणि आफ्रिकेत बीट यांनी सोडवला. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. इथं माशीसारखा नर-मादी भेद नाही. मुलगा आणि मुलगी दोघांना धोका सारखाच.

हा सिकलसेल आम्हाला परका नाही. मध्य भारतातल्या या दोषाविषयी शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. ब्रह्मपुरी ते गडचिरोली हा धानाचा, जंगलाचा आणि हिवतापाचा मुलूख. वाहकाला घातक हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवलं. म्हणून असल्या मुलखांत हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकला.

गणित सोपं आहे, पण घरात ते उलटं वाचलं जातं. एक लेकरू आजारी निघालं की लोक म्हणतात, आता पुढची तीन बरी. तसं नाही. प्रत्येक गर्भ नवा डाव असतो. मागचा डाव त्याला ठाऊक नसतो. दुसरं, बोल लागतो सुनेला. वास्तविक एक दोष आईकडून आणि एक बापाकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. कुठं मामाची मुलगी करतात, आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्नं होतात. एकाच आजोबाकडून आलेला दोष अशा घरात दोन्ही बाजूंनी भेटू शकतो.

२०२३ साली केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. उद्दिष्ट २०४७ सालचं आहे. पण निर्णय शेवटी लग्नाच्या बैठकीतच होतो. तिथं पत्रिकेसोबत दोघांच्याही रक्ताचा अहवाल ठेवावा. एकटा वाहक म्हणजे रोगी नव्हे आणि तेवढ्यावरून कुणाची सोयरीक मोडू नये. दोघंही वाहक असतील, तर मात्र मूल होण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मॉर्गनच्या माश्यांना हे विचारता येत नव्हतं. आपल्याला येतं.