पोथी, प्रत आणि किल्ली

यवतमाळचें नांव निघालें म्हणजे बहुतेकांस कापूस आठवतो. परंतु जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास या गांवाचा दुसराही लौकिक ठाऊक असतो. येथील संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्यांचा कसून शोध घेतला, आणि १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पोथ्यांच्या इतिहासांत आजच्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या उपयोगाचा एक धडा आहे. तोच येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. श्रीचक्रधरांच्या आठवणी ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकिल्या होत्या, त्यांच्याकडे स्वतः जाऊन त्यानें त्या मिळविल्या. एवढ्या कष्टानें झालेल्या या ग्रंथाची मूळ प्रत, पंथाच्या परंपरेप्रमाणें, यादवांच्या राज्यावर परचक्र आलें त्या धामधुमींत नाहींशी झाली. पुढें अनुयायांनीं आपापल्या स्मरणांतून ग्रंथ पुन्हां उभा केला. हिराइसा या बाईचा पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. ग्रंथ वांचला खरा. परंतु स्मरण माणसागणिक निराळें असल्यामुळें पाठभेद झाले, व ते जुळवितां जुळवितां आधुनिक संपादकांस पुरेवाट झाली. दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं असती, तर हा खटाटोप कशास पडता?

आतां दुसरी बाजू पाहूं. चौदाव्या शतकापासून महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. सकळ, सुंदरी इत्यादि या लिपींची नांवें होत. सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर येई. किल्ली ज्यास ठाऊक, त्यासच अर्थ लागे. पोथी परक्याच्या हातीं पडली तरी तिच्यांतलें गुज सुरक्षित राही. परंतु याची किंमतही मोठी पडली. मराठीचें हें आद्य गद्य कित्येक शतकें खुद्द मराठी वाचकांसच अज्ञात राहिलें, आणि न वाचलेल्या ग्रंथांविषयीं नाहीं नाहीं ते गैरसमज पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या परिश्रमानें हें भांडार उघडलें. पंथांतील महंतांनीं किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जपली नसती, तर पोथ्या हातीं असूनही त्या मुक्या राहिल्या असत्या.

आज आपल्या घरांतील पोथी म्हणजे भ्रमणध्वनि व संगणक. मुलांचीं छायाचित्रें, शेताचे उतारे, बँकेचे व्यवहार, दिवंगत वडिलांचा आवाज, सर्व कांहीं त्या एका यंत्रांत! तें पाण्यांत पडलें, चोरीस गेलें, किंवा एखाद्या भामट्यानें आंतील मजकूर कुलूपबंद करून खंडणी मागितली, म्हणजे आपली गत मूळ प्रत गमावलेल्या त्या अनुयायांसारखीच होते. फरक इतकाच कीं, छायाचित्रें पाठ म्हणणारी हिराइसा आपल्या घरीं नसते. म्हणून जाणते सांगतात कीं, महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, व एक तरी घराबाहेर असावी. वेगळ्या डिस्कवरील प्रत काम संपतांच यंत्रापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिल्यास यंत्राबरोबर तीही कुलूपबंद होण्याचा संभव असतो. आणि प्रत उघडते कीं नाहीं, हें अधूनमधून पाहावें; न उघडणारी प्रत म्हणजे नसलेलीच प्रत.

कोणी म्हणेल, प्रती वाढल्या म्हणजे चोरीच्या वाटाही वाढल्या. हें खरें, आणि म्हणूनच कुलूप हवें. सांकेतिक शब्द लांब असावा, प्रत्येक ठिकाणीं निराळा असावा, आणि दूरध्वनीवर विचारणाऱ्यास, तो आपणांस बँकेचा अधिकारी म्हणवीत असला तरी, सांगूं नये. परंतु घरांतील एकाच माणसाला तो ठाऊक असून तो माणूसच गेला, तर मागें राहिलेल्यांनीं काय करावें? किल्ली बंद पाकिटांत, विश्वासू हातीं, अवश्य ठेवावी.

प्रत नसेल तर ठेवा जातो. किल्ली नसेल तर ठेवा असून नसल्यासारखा होतो. वऱ्हाडच्या पोथ्यांनीं हीं दोन्ही संकटें सोसलीं. त्यांचा इतिहास वाचून आपण निदान आज सायंकाळीं एक प्रत काढून ठेविली, तरी त्या वाचनाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.