विसराळू परिसर आणि अणूची उधारी

सेंट पीटर्सबर्गचे गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनचे ‘येवगेनी अन्येगिन’ हाती घेतले ते अक्षरे मोजण्यासाठी. पहिली २०,००० अक्षरे त्यांनी स्वर आणि व्यंजने अशी वेगळी काढली. स्वर भरले ८,६३८. स्वरामागून पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण शेकडा तेराच्या आसपास, तर व्यंजनामागून स्वर येण्याचे शेकडा सहासष्ट! अक्षर आपल्या लगतच्या शेजाऱ्याला ओळखते, एवढे त्यांना दाखवायचे होते. यामागे एक भांडण होते. सरासरीचा नियम परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या घटनांनाच लागू पडतो, असे मॉस्कोचे पावेल नेक्रासोव्ह म्हणत आणि त्यावर माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा इमला चढवीत. तो पाडण्यासाठी मार्कोव्ह यांनी १९०६ पासून आपली साखळी रचली. तिच्यात पुढची कडी फक्त आजच्या कडीवर ठरते. त्यामागचे सारे विसरलेले.

भौतिकशास्त्रज्ञांना हा विसराळूपणा फार सोयीचा वाटला. दहावीच्या मुलांना मी सांगतो, पेल्यातला चहा निवतो, गेलेली उष्णता खोलीत विरते आणि परतत नाही. उत्तेजित अणू प्रकाश सोडून शांत होतो, त्याचे १९३० साली वाइसकॉफ आणि विग्नर यांनी मांडलेले गणितही याच धाटणीचे. परिसर अफाट असतो, म्हणून तो घेतलेले लगेच विसरतो, ही त्यामागची धारणा.

पण परिसराचा हिशेब वगळला, की तो मागल्या दाराने आत येतो. जपानचे नाकाजिमा यांनी १९५८ साली आणि अमेरिकेचे झ्वान्झिग यांनी १९६० साली जे समीकरण मांडले, त्यात अणूचा आजचा बदल त्याच्या कालच्या नि परवाच्या स्थितींवरही अवलंबून राहतो. गंमत अशी, की विसराळू समीकरणाचे सर्वमान्य रूप त्यानंतर, म्हणजे १९७६ साली आले. स्वीडनचे लिंडब्लाड यांनी ते एकट्याने दिले, तर गोरिनी, कोसाकोव्स्की आणि केरळात जन्मलेले आपले सुदर्शन यांनी मिळून. नंतर येऊनही पाठ्यपुस्तकांत तेच रुळले. माझ्या मते याचे कारण साधे आहे. स्मृतीचे समीकरण अचूक, पण सोडवायला महाकठीण. विसराळू समीकरण सुटते. सोयीपुढे अचूकता बऱ्याचदा मागे पडते, आणि त्यात काही पापही नाही.

उधारी खरोखर परत येते हे १९९६ साली पॅरिसला सर्ज हारोश यांच्या गटाने दाखवले. अतिवाहक आरशांच्या पोकळीतून रुबिडियमचा एकेक अणू जाई, आपली ऊर्जा पोकळीला देई आणि ती पुन्हा घेई. अणूपुरते पाहिले तर पोकळी हाच त्याचा परिसर. २००७ पर्यंत या गटाचे आरसे इतके सुधारले, की एकच प्रकाशकण आत ०.१३ सेकंद टिकू लागला. तेवढ्यात प्रकाश सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाएवढे अंतर तोडतो! हारोश यांना २०१२ चे नोबेल वाइनलँड यांच्यासह मिळाले.

परिसराची स्मृती मोजायची कशी? ब्रॉयर, लाइने आणि पीलो यांनी २००९ साली एक रीत सुचवली. वेगवेगळ्या दोन स्थितींतून सुरुवात करायची. त्यांच्यातला फरक पुसट होत गेला तर माहिती बाहेर चालली. मध्येच तो पुन्हा ठळक झाला तर माहिती परतली. ऊर्जा परतली म्हणजे माहिती परतलीच असे मात्र नाही, दोन्ही खाती वेगळी. पुंज-संगणक बांधणाऱ्यांचा आज त्या दुसऱ्या खात्यावर फार जीव आहे.