कंदमुळांच्या दारातून आलेला बटाटा

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याचं पीक भात. पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंत खाचरांत आंबेमोहर आणि इंद्रायणी, तर उतारांवरच्या वरकस जमिनीत आलटून-पालटून नाचणी, वरी आणि कारळे. पावसाळ्यात या खोऱ्यात इतकं पाणी कोसळतं की बटाटा लावला तर तो मातीतच कुजेल. तरी एकादशीला इथल्या घराघरांत काय शिजतं असं विचारलं, तर पहिलं नाव बटाट्याचं येतं.

उपासाचं जुनं ताट निराळं होतं. वरीचे तांदूळ, ताक, सुरण, कोनफळ, आणि रानातून खणून आणलेले करांदे. कडू करांदे राख घालून उकडायचे, म्हणजे त्यांचा कडवटपणा जातो. या ताटामागे एक जुनी कल्पना आहे: नांगरून पेरलेलं धान्य टाळायचं आणि जमिनीनं आपणहून दिलेलं कंद-मूळ-फळ खायचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नेम तिचंच सर्वांत शुद्ध रूप. वरी हे खरं तर धान्यच. पण मुळशीसारख्या डोंगरउतारांवर ती कुदळीनं होत असे, आणि त्यामुळेच तिला सूट मिळाली असावी.

बटाट्याला मात्र नांगर लागतो, सऱ्या लागतात, खत लागतं. तरीही तो कंद ठरला आणि कंदमुळांच्या दारातून थेट उपासाच्या ताटात येऊन बसला. पुण्यात त्याच बाजारातून भाजी घेणाऱ्या जैन घरांत मात्र तो कंद म्हणूनच वर्ज्य झाला. एका घराचं दार ज्या कारणानं उघडलं, त्याच कारणानं शेजारचं बंद झालं.

मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. आपल्याकडचं नावही समुद्रावरूनच आलं. ‘बटाटा’ हा पोर्तुगीजांनी आणलेला शब्द. कॅरिबियन बेटांवर तो रताळ्यासाठी वापरत. उत्तरेत आलू आणि मराठी-गुजराती-कोंकणी पट्ट्यात बटाटा, या फरकात किनाऱ्याचा इतिहास साठलेला आहे. पण नाव आलं म्हणून पीक लगेच आलं असं नाही. घाटावर त्याची लागवड पसरली ती इंग्रजांच्या काळात.

१८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवलं. तिथे पुढे एक तुरुंग झाला आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवले गेले. गोऱ्या साहेबांच्या टेबलासाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या त्या या कैद्यांनी. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला, मळे राहिले. पुणे जिल्ह्यात खेड आणि जुन्नर या तालुक्यांनी बटाटा उचलला. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबर बटाट्यावरची पाकोळी मुंबई इलाख्यात शिरली. तिच्या अळ्या साठवणीतला बटाटा आतून पोखरतात. पुणे जिल्ह्यातले शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याची अरण लावून माल राखत. ही कीड नेमकी तिथेच फोफावली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीचा आपल्या सहकाऱ्यांबरोबर तपशीलवार अभ्यास केला. मॅन हे पिंपळे सौदागर या एका गावाची पाहणी करून भारतातल्या ग्रामीण अर्थकारणाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांपैकी एक म्हणूनही ओळखले जातात. बटाट्यासारख्या घरगुती वाटणाऱ्या गोष्टीकडे इतक्या गांभीर्यानं पाहणारा माणूस पुण्यात होता, ही आनंदाची गोष्ट आहे.

माल्कम महाबळेश्वर वसवत होते त्याच सुमारास, जानेवारी १८२८ मध्ये, तुर्कांच्या सत्तेतून सुटलेल्या ग्रीसचे पहिले शासनप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास आपल्या देशात उतरले. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांसाठी त्यांनी बटाटा आणवला. लोक त्याला हात लावीनात. तेव्हा त्यांनी नाफ्प्लियोच्या धक्क्यावर बटाट्यांचे ढीग रचून पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना चोरीकडे काणाडोळा करायला सांगितलं, अशी दंतकथा आहे. ज्यावर पहारा आहे ते मोलाचंच असणार, असं समजून लोकांनी बटाटे पळवले. फ्रान्समध्ये पार्मांतिए यांच्या नावावरही हीच गोष्ट सांगतात, म्हणून तिला इतिहास म्हणता येत नाही. कापोदिस्त्रियास यांचा १८३१ मध्ये नाफ्प्लियोतच खून झाला. बटाटा मात्र देशात राहिला.

आणि तिथेही तो उपासात शिरला. ग्रीक ख्रिस्ती लोक ईस्टरआधी कित्येक आठवडे मांस, अंडी, दूध वर्ज्य करतात. उपासाला चालणाऱ्या पदार्थाला ते ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यांची ‘पातातोसालाता’ म्हणजे बटाट्याची कोशिंबीर या कसोटीला उतरते, कारण तिच्यात अंड्याचं मेयोनेझ नसतं. असतं ते ऑलिव्हचं तेल, लिंबू, कांदा, पार्सली, ऑलिव्हची फळं आणि केपरच्या कळ्या. कडक व्रत पाळणारे आठवड्यातल्या इतर दिवशी तेलही घेत नाहीत, शनिवार-रविवारी घेतात. कुठल्या दिवशी काय चालतं, हा हिशेब मराठी आजीला समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे रामनवमी हाही उपासाचाच दिवस, आणि मुळशीत रामनवमी म्हटलं की एक तारीख आठवते. १६ एप्रिल १९२१. टाटांच्या वीजधरणाखाली जाणाऱ्या पन्नासभर गावांच्या मावळ्यांनी त्या दिवशी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट या लढ्यात ‘सेनापती’ झाले. धरण झालंच, आणि पाण्याखाली गेली ती खोऱ्यातली उत्तम भाताची खाचरं. वर सरकलेल्या माणसांच्या वाट्याला उतार आले आणि तळ्याच्या कडेची जमीन. आज त्याच उतारांवर वरीपेक्षा बंगले आणि रिसॉर्ट जास्त दिसतात. वरी दुकानातल्या पाकिटातून येते आणि तिच्या शेजारी बटाट्याचं पोतं असतं.

आजचं उपासाचं ताट एकदा नीट पाहावं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा, हिरवी मिरची, राजगिरा: सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. आपले जुने म्हणावेत असे वरी, सुरण, शिंगाडा आणि दूध-दही. यात खंत करण्यासारखं काही नाही. खटकतं ते एवढंच, की ताटातला बटाटा बहुधा तळलेला असतो आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी होते.

ग्रीकांची रीत इथे उपयोगी पडते. अर्धा किलो बटाटे सालासकट, मीठ घातलेल्या पाण्यात उकडावेत. फुटू देऊ नयेत. हिरवट डाग पडलेले घेऊ नयेत. सोलून मोठ्या फोडी कराव्यात आणि त्या गरम असतानाच एका लिंबाचा रस व तीन चमचे तेल एकत्र फेटून वर ओतावं. गरम बटाटा रस पितो, गार झालेला पीत नाही. सारी चव या घाईत आहे. नंतर मात्र गार होऊ द्यावा, कारण गार झालेल्या बटाट्यातला काही स्टार्च सहजी न पचणारा बनतो. ऑलिव्हच्या तेलाऐवजी घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल चालतं. मुळशीच्या वरकसावरच्या कारळ्याचं तेल मिळालं तर त्याचा खमंग वास बटाट्याला शोभतो. पार्सलीच्या जागी कोथिंबीर. ग्रीक लोक घालतात त्या ओरेगानोचा वास ज्या कार्व्हाक्रोल नावाच्या द्रव्यामुळे येतो, ते ओव्याच्या पानातही असतं. दोन पानं बारीक चिरून पुरतात. केपरचं काम वैशाखात मिठात घातलेली कच्ची करवंदं करतात, आणि ती मुळशीच्या डोंगरात हवी तेवढी आहेत.

केपरचं एक नातं आणखी जवळचं आहे. आषाढी द्वादशीला उपास सोडताना ज्या वाघाट्यांची, म्हणजेच गोविंदफळांची, भाजी करतात, आणि जी घ्यायला आदल्या दिवशी पुण्याच्या मंडईत झुंबड उडते, ती वाघाटी केपरच्याच कुळातली वेल. ग्रीक केपरची कळी खातात, मराठी माणूस वाघाटीचं फळ.

म्हणून या कोशिंबिरीला आषाढाचे तीन दिवस नेमके साजतात. कांदेनवमीला, चातुर्मासाआधीचा शेवटचा कांदा म्हणून, पातळ चिरलेल्या कांद्यासह. एकादशीला कांदा वगळून, हवं तर तेलाच्या जागी जिऱ्या-तुपाची फोडणी आणि दाण्याचं कूट घालून. द्वादशीला वाघाटीच्या भाजीशेजारी. त्याच दिवसांत मुळशीच्या खाचरांत गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालू असते, आणि आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा मातीत जात असतो.