नखाएवढी चित्रे

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाने संगणकाच्या इतिहासात डोके घालावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु कळमनुरी तालुक्यातील आमच्या आखाडा बाळापुरात एक गोष्ट अशी घडली, की त्या यंत्राच्या पोटातील एका क्षुल्लक फायलीचा मागोवा घेतल्यावाचून मला राहवेना.

संगणकात फोटोंचा फोल्डर उघडला की प्रत्येक फोटोची चिमुकली प्रतिमा रांगेने मांडलेली दिसते. तिला थंबनेल, म्हणजे अंगठ्याचे नख म्हणतात. चित्रकार मोठ्या चित्रापूर्वी जे झटपट छोटे रेखाटन करीत, त्याला हे नाव संगणकाच्या आधीच मिळाले होते. (आपल्याकडील नखचित्र निराळे; ते कोऱ्या कागदाला नखांनी उठाव देऊन काढतात. एवढा सुंदर शब्द आधीच गुंतलेला आहे, याची मला चुटपुट लागते.)

ती चिमुकली प्रतिमा म्हणजे लांबून दिसणारा मूळ फोटोच, अशी आपली समजूत असते. तसे नाही. ती वेगळी करून ठेवलेली नक्कल असते. याचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. २००६ साली आमच्या शाळेसाठी उसन्या आणलेल्या कॅमेऱ्याचा फोटो २०४८ ठिपके रुंद आणि १५३६ ठिपके उंच असे. म्हणजे सुमारे साडेएकतीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा व निळा असे तीन आकडे. एक फोटो उलगडायचा तर चौऱ्याण्णव लाख आकडे मांडावे लागतात. दोनशे फोटोंचा फोल्डर उघडताना दर वेळी हा खटाटोप करायचा म्हटले तर यंत्र धापा टाकील. म्हणून ते एकदाच कष्ट घेते, ९६ ठिपके रुंद व ७२ उंच अशी नक्कल तयार करते आणि पुढच्या वेळी तीच दाखवते. त्या नकलेतील एकेक ठिपका मुळातील साडेचारशेंहून अधिक ठिपक्यांचा मुखत्यार असतो.

ही नक्कल ठेवायची कोठे, हाच सारा इतिहास. १९९५ साली जपानमधील एका उद्योगसंघटनेने ‘एक्झिफ’ नावाचा प्रघात पाडला. त्यात फोटोच्या फायलीतच छोटी प्रत ठेवण्याची सोय होती. १९९८ च्या विंडोजमध्ये चिमुकल्या प्रतिमा हव्या असल्यास प्रत्येक फोल्डरला तसे मुद्दाम सांगावे लागे. २००१ च्या विंडोज एक्सपीने ते काम आपणहून सुरू केले. चित्रांच्या त्याच फोल्डरात ‘थम्ब्स डॉट डीबी’ नावाची लपलेली फाईल करून सर्व नकला तीत भरल्या जात. पुढे २००७ च्या आरंभी बाजारात आलेल्या विस्टाने हा विखुरलेला कारभार मोडला आणि नकला आकारवार, ३२, ९६, २५६ व १०२४ अशा, वापरणाऱ्याच्या खात्यातील एकाच कोठारात नेल्या. लिनक्सवाल्यांनीही कोठारच पत्करले. पण त्यांचा कारकून भलता दक्ष. तो प्रत्येक नकलेबरोबर मूळ फोटोचा पत्ता व शेवटच्या बदलाची वेळ टिपून ठेवतो आणि वेळ जुळली नाही की नवी नक्कल करतो.

एक्सपीचा कारकून इतका दक्ष नव्हता. मूळ फोटो पुसला, तरी त्याची नक्कल त्या लपलेल्या फायलीत बहुधा तशीच पडून राही. पुष्कळांना हे अडचणीचे ठरले असेल. जप्त केलेले संगणक तपासणारे तज्ज्ञ या फायली आवर्जून उघडून पाहतात.

आता आमची गोष्ट. २००६ च्या स्नेहसंमेलनात माझे वडील पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या शाळेत ते त्यापूर्वी कधी आले नव्हते आणि पुढेही आले नाहीत. ते फोटो शाळेच्या संगणकात होते. दोन वर्षांनी निकालपत्रकांसाठी जागा हवी म्हणून ते सगळे मीच निवडून पुसले. २०११ साली वडील गेले. आणि घरात त्यांचा मतदार ओळखपत्राखेरीज एकही फोटो नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

तो संगणक भंगारात निघाला, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी तो तपासायला आला. फोल्डर रिकामा दिसत होता, परंतु त्याचे वजन शून्य नव्हते. “सर, फोटो तर गेलेत,” तो म्हणाला, “पण ह्याच्यात काहीतरी राहिलंय बघा.” मी सगळे निवडून पुसले होते खरे, पण लपलेली फाईल निवडलीच गेली नव्हती! त्याने कसलासा लहान प्रोग्राम आणून ती उघडली आणि संमेलनाचे नखाएवढे फोटो पडद्यावर उमटले. यंत्र विस्टाचे असते तर नकला कोठारात गेल्या असत्या. आणि जागेसाठी मी डिस्कची साफसफाई केली असती, तर तेथूनही गेल्या असत्या. विस्टाची रीत अधिक शहाणपणाची, हे मला मान्य आहे. माझे मन मात्र एक्सपीच्या गलथान कारकुनाकडे ओढ घेते.

इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने तो फोटो छापला. रुंदी भरली आठ मिलिमीटर. माझ्या अंगठ्याचे नख त्याहून मोठे आहे. मोठा करून छापला तर नुसते चौकोन दिसत. मायने कागद दारातल्या उजेडात धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. चेहरा असा नव्हताच. दोन-तीन ठिपके सावळे आणि त्यांच्या वर तीन पांढरे.

“पटका डावीकडं कललाय,” ती म्हणाली, “हेच हायेत.”