फाल्गुन शके १६९६, तापीचा काठ

सुरतेच्या चौक बाजारात, किल्ल्याच्या दारापाशी, डोळे मिटा. रिक्षांचे भोंगे विरत जातील. तापीवरून येणारा खारट वारा तेवढा राहील. आता डोळे उघडा. १७७५ सालचा मार्च, तारीख ६. होळी दहा-बारा दिवसांवर आली आहे.

मान वर करून पाहा. किल्ल्यावर दोन निशाणं फडकताहेत, एक इंग्रजांचं आणि एक दिल्लीच्या बादशहाचं. १७५९ पासून हे असंच आहे. नाव बादशहाचं, हुकूम इंग्रजांचा.

नदीकाठी मराठी बोलणं कानावर येतं. सुरतेत ते नवं नाही, मराठ्यांची चौथाई वसूल करणारे इथं बसतातच. पण ही माणसं वसुलीवाली दिसत नाहीत. अंगरखे फाटलेले, टाचा फुटलेल्या. एका शिलेदाराला तुम्ही विचारता, "घोडं कुठं आहे तुमचं?" तो उत्तरेकडं बोट करतो. "महीकाठी." पुढं काही सांगत नाही. १७ फेब्रुवारीला महीकाठी हरिपंत फडक्यांनी दादासाहेबांच्या फौजेची दाणादाण उडवली. दादासाहेब खंबायतेला पळाले, तिथून भावनगर, आणि गलबतात बसून २३ तारखेला इथं पोचले.

दादासाहेब म्हणजे रघुनाथराव. वय चाळीस. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या यांच्याच नेतृत्वाखाली. १७७३ च्या गणेशोत्सवात शनिवारवाड्यात पुतण्या नारायणराव गारद्यांच्या हातून मारला गेला आणि रामशास्त्र्यांनी यांनाच दोषी धरलं. मग पुण्यात बारभाई उभे राहिले. नाना फडणीस, मोरोबा, हरिपंत, आणि सखारामबापू बोकील, जे कालपर्यंत दादांचेच सल्लागार होते. नारायणरावाचं मूल, सवाई माधवराव, पुरंदरावर साडेदहा महिन्यांचं आहे. त्याच्या नावानं कारभार चालतो. बारभाई एकदिलाचे आहेत असं मात्र समजू नका. चार वर्षांत मोरोबा आणि बापू दोघंही कैदेत असतील आणि कैद करणारे नाना असतील.

दादासाहेब आणि इंग्रज यांचा करार लिहिला जातोय त्या खोलीत, आत चला. तुमच्याकडं कुणी पाहत नाही.

बैठकीवर एक कारकून मांडी घालून बसलाय. बोरू दौतीत बुडवून, हात फारसा न उचलता, मोडीची ओळ सरसर पुढं नेतोय. मुंबईकर इंग्रज अडीच हजार फौज देणार. तिचा खर्च म्हणून दादासाहेब दरमहा दीड लाख रुपये देणार. रोकड नाही, म्हणून सहा लाखांचे दागिने गहाण. रुमाल सोडला जातो. पेशव्यांच्या घरातलं सोनं, मोती चटईवर येतात, मोजले जातात आणि परत बांधले जातात. गाठीवर लाख ठिबकते, तिचा वास खोलीभर पसरतो.

बोरू पुन्हा चालू लागतो. साष्टी. ती इंग्रजांनी डिसेंबरातच ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली आहे, आता हक्कानं मिळणार. मग भरूच आणि सुरतेच्या उत्पन्नातला वाटा. आणि वसई.

इथं थांबा. हा शब्द लिहिला जाताना नीट बघा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा रघुनाथराव चार वर्षांचे होते. अप्पा त्यांचे सख्खे काका. सुरुंग उडाले, तटाच्या खिंडारात माणसं पडली, त्यांच्या अंगावरून पुढची चढली. हजारो घरांतला कर्ता त्या तटाखाली राहिला. ती वसई आज इथं तीन अक्षरांत जाते आहे, तीही पुण्याच्या गादीसाठी, घरच्याच माणसांशी लढायला परक्याची फौज हवी म्हणून. शनिवारवाड्यातल्या रक्तापेक्षा मला ही शाई जड वाटते. रक्त एका घरावर होतं, शाई सगळ्या मुलखावर पडली.

कारकून ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरवतो, कागद तिरपा करून झटकतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, या खोलीत कुणाला नाही. कलकत्तेकर हा करार नाकारतील, तरी लढाई १७८२ पर्यंत सालबाईच्या तहापावेतो चालेल. साष्टी गेली ती गेलीच, वसई परत मिळेल. दादासाहेब १७८३ त कोपरगावी वारतील. आणि आनंदीबाईंनी जानेवारीत धारेत जन्म दिलेला त्यांचा बाळ, बाजीराव, १८०२ चा शेवटचा दिवस उजाडेल तेव्हा इंग्रजांची फौज घेण्यासाठी सही करेल. जागा वसईच असेल.

तुम्ही बाहेर येता. नदीला भरती आली आहे, इंग्रजांच्या होड्या धक्क्याला लागताहेत. लवकरच कर्नल कीटिंगबरोबर दादासाहेब समुद्रमार्गे परत खंबायतेला जातील. १८ मेला अडासच्या मैदानात दोन्हीकडं मराठी बोलणारी माणसं कापली जातील.

तो शिलेदार चटईवर थोडा सरकतो, तुम्हाला जागा करून देतो.

"आत होता ना?" तो विचारतो. "पुण्याला कधी जायचं म्हणतात?"